अण्णाची बाटली

४ मे १९७६
हृदयाची झडप आकसली आहे. पुण्याला ऑपरेशन, नाहीतर पुढचा उन्हाळा कठीण. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. रक्ताच्या सहा बाटल्या लागतील — आणि माझा गट ओ निगेटिव्ह, सहसा न मिळणारा. "सख्खं कोण आहे?" म्हटलं, विचार करून सांगते. कसला विचार! हे जाऊन तीन वर्षं झाली, मूलबाळ नाही. उरला एक भाऊ, अण्णा, अक्कलकोटला. मी पद्मशाळ्याच्या, परजातीच्या विणकराच्या घरात लग्न केलं म्हणून बारा वर्षं माझ्या हातचं पाणी प्यायला नाही.

५ मे
शाळेला सुट्टी, शिकवायला जाणं नाही. दिवसभरात फक्त दूधवाल्याशी बोलले.

१२ मे
पुण्याच्या सर्जनांचं पत्र. रक्तस्राव कमी करणारं एक औषध ते हल्ली ऑपरेशनच्या वेळी शिरेतून देतात. त्यामुळे एखाददुसऱ्या बाटलीत भागतं म्हणे. पण एक तरी हाताशी हवीच, त्याशिवाय ते हात लावणार नाहीत.
सहाची एक झाली, आणि ती एकसुद्धा मागायची माझी हिंमत नाही. स्वतःचाच राग येतो.

१९ मे
शेजारच्या सोनाबाई चिडल्या. "भावाला कारड टाका की, बाई. मान घिऊन बसताय, जीव ऱ्हाईल का?" टाकलं.

२ जून
उत्तर नाही. पोस्टमन समोरच्या दारावरून परत गेला. फार एकटं वाटतं.

९ जून, पुणे
अण्णा आला! माझ्याकडे न बघताच नर्सला म्हणाला, "माजं काडा. किती पायजे तितकं काडा." गट जुळला. उद्या ऑपरेशन.

१५ जून
जगले. टाके ओढतात. मी तांब्या पुढे केला, अण्णा घटाघटा पाणी प्याला. "आता माजं रगात हाय की तुज्या अंगात. आमच्या घरचीच झालीस तू. पंचमीला मुराळी धाडतो, न्हाय म्हनू नगंस." बारा वर्षांत माहेरी न्यायला कोणी आलं नव्हतं. पदर तोंडाला लावून रडले.

१६ जून
सर्जन खूश होते. औषधानं रक्तस्राव इतका आवरला, की अण्णाची बाटली लागलीच नाही. काल ती दुसऱ्या पेशंटला दिली.
अण्णा बाहेर व्हरांड्यात बसला होता. मी सर्जनांना हात जोडले. म्हटलं, त्याला हे सांगू नका.