न वाचता दिलेलं नाव

४ नोव्हें.
सविताचा फोटो पेपरात. निपाणीची मुलगी कर्नलची मेंटेनर झाली म्हणून. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. त्यातल्या फाईलींच्या भागात काय जाईल आणि काय नाही ते आता ती ठरवणार. अकरा वर्षं मी त्याच भागात दुरुस्त्या पाठवतेय. अशी पहिली दुरुस्ती, पहिला पॅच, लिहायला तिला मीच शिकवलं, इथेच वडगावात, आमच्या माडीवर, खाली माग खडखडत असताना.
आईने फोटो कापून फ्रिजला लावला. "आपल्याकडं आलती की गं ही. दोनदा पोहे मागून घेतलती." दिवसभर फ्रिज उघडला नाही मी.

६ नोव्हें.
कर्नलवर काम करणाऱ्यांचा व्हिडिओ कॉल. सविता सगळ्यांना सांगत होती, हे सगळं आक्कांनी शिकवलं. सगळे कौतुकाने हसले. आक्का म्हटलं की माणूस आपोआप मागच्या रांगेत जाऊन बसतं.
जळते मी तिच्यावर. लिहून टाकलं. बरं वाटलं नाही.

११ नोव्हें.
तिचा नवा पॅच. सुरक्षेतलं भोक जुनंच. काही प्रोग्रॅमच्या फाईलींना मालकाचे हक्क चिकटवलेले असतात, कुणीही चालवला तरी प्रोग्रॅम मालकाच्या ताकदीने चालतो. परक्याने त्या फाईलला हात लावला की हक्क तिथल्या तिथे गळून पडायला हवेत, नाहीतर परकाच मालक होऊन बसतो. आमच्या कर्नलमध्ये काही वाटांनी पडत नव्हते. त्या सगळ्या वाटा तिने बंद केल्यात म्हणे.
फोनही आला. "आक्का, तेवढं तपासून तुमचं नाव द्या की. तुम्ही बघितलं म्हंजे माझी काळजी मिटली."

१२ नोव्हें.
पॅच उघडला. जिथे मी चाळीस ओळी लिहिल्या असत्या तिथे हिच्या बारा. काय नेटकं लिहिते! पुढे वाचवेना. वाचलं आणि एकही चूक सापडली नाही तर काय करू, ही भीती. खरं कारण तेच.
न वाचताच 'तपासले' लिहून खाली नाव टाकलं नि पाठवून दिलं. आमच्यात हे नाव कायमचं राहतं, पॅचबरोबर.

१६ नोव्हें. रवि.
निपाणीत तिचा सत्कार. आप्पा म्हणाले, जायलाच पाहिजे. संकेश्वरजवळ उसाच्या ट्रॅक्टरांनी तासभर अडवलं, मला मनातून बरंच वाटलं. पण पोचलो. फेटा, शाल, नारळ. तिची मावशी मला, "तुमच्याकडंच शिकली न्हवं? लई नाव काढलं पोरीनं. तुमचं काय चाललंय आता?"
"चाललंय," म्हटलं.

१७ नोव्हें.
सकाळी पॅच काढून बसले. चूक काढायचीच म्हणून. दुपारी सापडली. फाईलमध्ये लिहिलं की हक्क गळतात, पण फाईल नुसती आखूड केली, शेवटचा तुकडा छाटला, तर हक्क जागच्या जागी. तीनदा करून पाहिलं.
टाळी वाजवली मी. खरंच. खालून आप्पांनी विचारलं, "काय झालं गं?"
मग पॅचच्या खाली माझंच नाव दिसलं.

१९ नोव्हें.
सांगितलं, तर न वाचता नाव दिलं हे उघड होणार. अकरा वर्षांची अब्रू गेली. नाही सांगितलं, तर शुक्रवारी पॅच मुख्य कर्नलमध्ये. भोक बुजलं असं समजून पुन्हा तिकडे कोण बघणार? आणि तो कर्नल कुठल्या कुठल्या मशीनवर जाऊन बसेल...
आणखी एक सुचलं. जाऊ दे आत. दोन महिन्यांनी भोक मीच शोधलं म्हणून जाहीर करायचं. पॅचवर माझं नाव खाली बारीक, तिचं वर ठळक. शोभा तिचीच जास्त.
सुचलं ते सुचलं. खोटं कशाला लिहू?

२० नोव्हें.
फोन केला, सांगायचंच म्हणून. तीच आधी बोलायला लागली. "आक्का, एक गंमत सांगू? माझ्या जोडीला मेंटेनर म्हणून तुमचं नाव सुचवलंय मी. सगळे व्हय म्हणाले. आक्कांइतकं बारीक बघणारं दुसरं कोण हाय?"
मी म्हटलं, "अगं, तो पॅच..."
"त्यावरनंच तर! तुम्ही बघितलाय म्हणून मी परत उघडलासुद्धा न्हाय."
अकरा वर्षं जे हवं होतं ते आलं. तेही तिच्या हातून. "बरं," म्हटलं. एवढंच म्हटलं.

२१ नोव्हें. शुक्र.
तिचा मेसेज : आक्का, चारला पॅच पुढं पाठवतेय. पाठवू न्हवं?
सव्वातीनला वाचला. वाचल्याचं तिला तिकडे दिसलं असणार. खालचे माग बंद आहेत, करंट गेलाय, आई चहाला हाका मारतेय.
चार वाजायला सात मिनिटं. 'सविता, थांब' एवढं लिहिलंय. अजून पाठवलेलं नाही.