भाविकाच्या पलंगासाठी औषध

जळगाव, मंगळवार

चि. प्रेमराज यास अक्काचा आशीर्वाद.

परवा तू फोनवर विचारलंस, "अक्का, औषध लागू पडलं का?" तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात उभी होते. वर भाविकाच्या तोंडाला वाफेचा मास्क लावलेला होता आणि तू विचारत होतास पलंगाच्या लाकडाबद्दल. मी फोन बंद केला. तेव्हापासून तू सतरा वेळा केलास, मी एकदाही उचलला नाही. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र लिहिणं भाग पडलं. तुझ्या दुकानातला शालिग्राम माल न्यायला आला आहे, बाहेर चहा पीत बसला आहे, त्याच्याच हाती देते.

आधी रीतीचं. तुझी साखर किती आहे? (खरा आकडा कळव, दिपमालाला सांगतोस तो नको.) तिच्या गुडघ्यांना आराम असावा. देवपुरात पाणी किती दिवसांआड येतं? इकडे सर्व क्षेम, असं लिहायची हाताला सवय आहे, पण या वेळी हात आवरते. भाविका चार दिवस दवाखान्यात होती, काल घरी आली. श्वास मोकळा आहे. झोपेत छाती हलते की नाही हे बघायला आम्ही तिघं आळीपाळीने बसतो, आणि तिला वाटतं हा नवा खेळ आहे.

आता मुळापासून सांगते. नातीला साडेतीन वर्षं झाली, तिला वेगळी खोली द्यायचं ठरलं. तिची छाती जन्मापासून नाजूक, आणि नव्या फर्निचरचा, रंगाचा, पॉलिशचा वास तिच्याजवळ फिरकू देऊ नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सूनबाईने, सारिकाने, मोबाइलवर वाचून 'नॉन-टॉक्सिक' हा शब्द घरात आणला. दीपक म्हणाला, आई, तू केमिस्ट्रीची, तूच बघ. (मी बी.एस्सी. झाले ऐंशी साली. माझ्या मुलाला ते गिझर बिघडला की आठवतं.) मी वही घेतली आणि बाजारात गेले.

पहिल्या दुकानात मोतीलालशेठ नावाच्या गृहस्थांनी गुलाबी कपाट दाखवलं, दारावर ससा. मी दार उघडून डोकं आत घातलं. डोळ्यांतून पाणी आलं. शेठना वाटलं मी किमतीमुळे रडते आहे, त्यांनी लगेच हप्त्यांची सोय समजावून सांगितली. मी म्हटलं, वास येतो. ते म्हणाले, "येणारच ना मॅडम, नवं आहे! वास नसला तर गिऱ्हाईक म्हणतं जुना माल माथी मारला." तो वास माझ्या ओळखीचा होता. कॉलेजात प्राणिशास्त्राच्या खोलीत काचेच्या बरणीत एक बेडूक होता, फॉर्मलिनमध्ये बुडवलेला. त्याच्यासमोर बसून मी दोन वर्षं जर्नलं लिहिली. तोच वायू प्लायवूडच्या चिकट्यातून सुटतो. मी स्पष्ट विचारलं, हे विषारी आहे का? शेठ दुखावले. "इतकी वर्षं विकतो आहे मॅडम, एक तक्रार नाही." तक्रार बेडकाचीही नव्हती.

दुसऱ्या दुकानात पलंगावर हिरव्या पानाचं चित्र चिकटवलेलं होतं, म्हणजे म्हणे पर्यावरणाला चालतं. मी नखाने पान उचकटलं तर खाली दुसऱ्याच कंपनीचं नाव. तिसऱ्या ठिकाणच्या पोऱ्यासारख्या दिसणाऱ्या मालकाने (चाळिशीचा होता, पण बोलणं तसंच) सांगितलं की पोरं फर्निचर खात नाहीत. मी त्याला आमच्या जुन्या खुर्चीचा हात दाखवायला घरी बोलावलं. भाविकाने तो निम्मा चावून संपवला आहे. आला नाही.

शेवटी कय्युम मिस्त्री. त्याचा हसनैन माझ्या हाताखाली दहावी झाला, त्यामुळे माझ्याशी वाद घालत नाही. मी यादी वाचून दाखवली: प्लाय नको, रोगण नको, थिनर नको, वासाचा चिकटा नको, कोणतंही विष नको. त्याने पाच बोटं मोजली आणि म्हणाला, "मॅडम, मग राहिलं काय? लाकूड आणि अल्ला." जुनं, वाळलेलं कडुनिंबाचं लाकूड त्याच्याकडे होतं. खिळे नाहीत, खुंट्या ठोकून सांधे, वरून जवसाचं तेल. असा देखणा पलंग झाला की दीपकनेही मोबाइल खाली ठेवून पाहिला.

आणि मग तुझा डबा आला. तू काळजीपोटी पाठवलास, ते मी मानते. खोबरेल तेलाचा रिकामा डबा धुऊन त्यात तू मोठ्या कॅनमधलं वाळवीवरचं ओतलंस, आणि वर तुझ्या त्या वळणदार अक्षरात चिठ्ठी लावलीस: 'भाविकाच्या पलंगासाठी औषध'. नाव नाही, प्रमाण नाही, विषाचा लाल त्रिकोण नाही. कडुनिंबाला वाळवी सहसा लागत नाही, हे तुझ्या दुकानात उभ्या असलेल्या कोणत्याही शेतकऱ्याने सांगितलं असतं. पण तुझ्या पाटीवर 'बी-बियाणे, खते व औषधे' लिहिलेलं आहे, आणि औषध म्हटलं की कोणाला तरी पाजल्याशिवाय तुला चैन पडत नाही. पलंगाला दोन हात मारले गेले. आठ दिवस उन्हात ठेवला, वास गेलासा वाटला. भाविका त्यावर दोन रात्री झोपली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिचे ओठ निळे पडले. डॉक्टरांनी विचारलं, घरात काही नवीन, काही विषारी? मी छाती पुढे काढून सांगितलं, विषारी काहीही नाही, मी स्वतः निवडलं आहे. पुढे काय मारलं होतं ते कळल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी चौतीस वर्षं नापास मुलांसाठी राखून ठेवली होती.

मिस्त्री पलंग परत न्यायला आला तेव्हा सारिका त्याला फाटकात, शेजारपाजाऱ्यांसमोर, नको ते बोलली. त्याने टोपी नीट केली, "गलती झाली" एवढंच म्हणाला. गल्लीतल्या दोन घरांनी त्याला दिलेलं काम काढून घेतलं.

सध्या भाविकाच्या खोलीत फर्निचर म्हणजे एक धुतलेली गोधडी आणि एक स्टीलची पेटी. तीन दुकानं आणि एक पदवी खर्ची घालून मी इथवर पोचले. डबा परत पाठवते आहे. पाटीवरचा शब्द बदल. तू ऐकणार नाहीस, तरी लिहिते.

तुझी
अक्का

ता. क. वर मी 'दोन हात मारले गेले' असं लिहिलं आहे. मुलांच्या उत्तरपत्रिकेत असं वाक्य आलं की मी बाजूला लाल शाईने 'कोणी?' लिहीत असे. शालिग्रामने डबा आणला तेव्हा मी मिस्त्रीच्या कारखान्यात हजर होते. त्याने झाकण उघडून विचारलं, "मॅडम, हे चालेल? नाव दिसत नाही." मी चिठ्ठी वाचली आणि म्हटलं, "औषध आहे ना, मारा." विष नको, असं त्याला पुन्हा एकदा बजावून दहा मिनिटंही झाली नव्हती. फाटकात त्याने माझं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही. सारिकाला अजून माहीत नाही. रविवारी तू ये. तिला मी सांगणार आहे, त्यानंतर त्या दोन घरी जाऊन सांगणार आहे. तू काही बोलायचं नाही, फक्त शेजारी बसायचं. मला एकटीला जमत नाही.

आणखी एक. आपली बहीण कौतिक तापाने गेली, असं तुला सांगत आले सगळे. तू तेव्हा पाळण्यात होतास. तिला ताप नव्हता, खोकला होता. आई शेतात जाताना कोपऱ्यातल्या, कपाशीवर फवारायच्या डब्याकडे बोट करून मला म्हणाली होती, "तठे औषध शे, ध्यान ठेव." मी नऊ वर्षांची, पाढे लिहीत होते. कौतिक खोकत आली, अक्का, काय घेऊ? मी पाटीवरून मान वर न करता म्हटलं, कोपऱ्यात औषध शे. मी रसायनशास्त्र का घेतलं, असं तू विचारायचास ना.

सोबत दिलेल्या वस्तू, हस्ते शालिग्राम:
१. डबा एक, अर्धा भरलेला, झाकण मेणाने बंद. चिठ्ठीवरचा 'औषध' शब्द खोडून 'विष' लिहिलं आहे, अक्षर माझं.
२. हे पत्र, बंद पाकिटात. तू एकट्याने वाचायचं.
(डबा नेण्याआधी शालिग्रामला वहीच्या कागदावर पोच लिहायला लावली. खालची ओळ त्याच्या हातची आहे, तशीच चिकटवते.)

अक्कांकडून औषधाचा डबा एक मिळाला. शालिग्राम