नाकापासून चार बोटांवर

प्रिय धाकटे,

आधी ‘ढापणे’ लिहिलं आणि मग खोडलं. वर दिसेल तुला. चव्वेचाळीस वर्षांची बाई झालीस तरी माझा हात आपणहून तिकडेच वळतो. अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे, म्हणजे वाचताना त्रास नको. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू मध्येच ‘जाऊ दे गं ताई’ म्हणतेस आणि मीही लगेच जाऊ देते. तेवढं सोयीचं दुसरं काही नाही मला.

रविवारी तू सांगितलंस की बाबांचं रफूचं टेबल महिनाअखेरीला शेजारच्या इस्त्रीवाल्याला देऊन टाकणार. दिव्यासकट. पुढे दुकानात फक्त चेन बदलणं, पँटची उंची कमी करणं आणि बटणं. हे सगळं हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगितलंस, आणि वर माझीच समजूत घातलीस, की वय झालं, डोळ्यांचं असं व्हायचंच, तू माझ्यासाठी केवढं केलंस. तेव्हा दूध उतू जातंय म्हणून मी फोन ठेवला. धाकटे, गॅसवर दूध नव्हतं. मी तशीच भिंतीला टेकून उभी होते.

ते वर खोडलेलं नाव मीच ठेवलं होतं, आठवतं ना? तू आठ वर्षांची, फळ्यावरचं दिसत नाही म्हणून बाजूच्या मुलीच्या वहीत बघून लिहायचीस आणि बाई ओरडायच्या. मग चष्मा लागला, बाटलीच्या बुडासारख्या काचांचा. पहिल्या दिवशी तो घालून जिन्यावरून खाली आलीस तेव्हा मी चार मैत्रिणींसमोर म्हटलं, आली बघा आमची ढापणी. त्या हसाव्यात एवढंच होतं मनात. आठवड्याभरात सगळी शाळा तुला त्याच नावाने ओळखायला लागली. तू रडलीसही नाहीस. नुसती काचा पुसत बसायचीस.

आणि त्याच डोळ्यांनी माझी जागा घेतलीस. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. बाबांनी टेबलावर आधी मला बसवलं होतं. थोरली म्हणून, आणि डोळे चांगले म्हणून. अर्ध्या तासात माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं, कापडातले धागे एकमेकांत मिसळून जायचे. एक दिवस तू सहज शेजारी येऊन उभी राहिलीस, चष्मा काढून डोक्यावर सरकवलास, कापड नाकापासून चार बोटांवर धरलंस आणि म्हणालीस, बाबा, इथे ताईने एक धागा वरून घ्यायचा तो खालून घेतलाय. बाबांनी माझ्या खालचं स्टूल काढून तुझ्याकडे सरकवलं. लांबचं तुला माणूससुद्धा ओळखू यायचं नाही, पण जवळचं असं दिसायचं की आम्हा दोघांना भिंग घेऊनही दिसलं नसतं. पुढे तू आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे धागे काढून भोक असं विणून टाकायचीस, की गिऱ्हाईक उलटंसुलटं करून विचारायचं, नेमकं होतं कुठे? बाबा तेव्हा मिशीत हसायचे. मी पुढे शाळेच्या कचेरीत लागले, हेडक्लार्क झाले, सगळ्या घराचे फॉर्म भरायला लागले. त्या हसण्याचा मला हेवा वाटायचा. अजूनही वाटतो, बाबा जाऊन नऊ वर्षं झाली तरी.

डोळ्यांच्या लेझरचं मी ठरवलं, तू नाही. दोन वर्षांपूर्वी इस्त्रीच्या वाफेने काचा धुरकटल्या आणि तू दुकानाच्या पायरीवरून पडलीस. चष्मा फुटला, जादा चष्मा सापडेना, आणि मी येईपर्यंत अर्धा दिवस तू जागची हलली नाहीस. तुला असं भिंतीकडे तोंड करून बसलेलं बघितलं आणि जिन्यावरच्या त्या मुली आठवल्या. म्हटलं, मीच नाव ठेवलं, मीच पुसते. तू म्हणत होतीस, कशाला गं आता या वयात, सवय झाली आहे. मी ऐकते होय कुणाचं! तपासणीची वेळ घेऊनच तुझ्याकडे आले.

ऑपरेशनचा दिवस तू किती रंगवून सांगायचीस. डोळा बधिर केला, पापणी मिटू नये म्हणून चिमटा लावला, म्हणाले हिरव्या दिव्याकडे बघत राहा, आणि एका डोळ्याला मिनिटभरही लागलं नाही. बाहेर आल्यावर काळा चष्मा लावून पहिलं वाक्य काय, तर ताई, आत लोकर जळाल्याचा वास येत होता. धागा लोकरीचा की सुताचा हे जाळून ओळखणारी तू, स्वतःच्या डोळ्याचाही कस लावून आलीस. मी तेव्हा पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांवरच्या प्लॅस्टिकच्या वाट्या काढल्या आणि तू गॅलरीतून समोरच्या इमारतीच्या पाट्यांवरची नावं वाचायला लागलीस. मग माझ्याकडे वळून म्हणालीस, अगं ताई, तू किती म्हातारी झालीस. आयुष्यात मला कुणी इतकं गोड बोललं नाही. मी त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले.

दहा दिवसांनी तू दुकान उघडलंस. मी मुद्दाम आले होते. बाबांच्या वेळचे ते निवृत्त मास्तर कोट घेऊन आले होते, बाहीला कसरीने खाल्लेलं भोक. तू दिवा ओढलास, हात नाकाकडे नेलास चष्मा काढायला, आणि तिथे काहीच नव्हतं. आपण दोघी हसलो. मग तू कोट नाकाजवळ नेलास. मागे घेतलास. पुन्हा नेलास. शेवटी हात पूर्ण लांब करून बघितलंस आणि तिथे कोट स्पष्ट होता, पण धागे नव्हते. तुझं हसू कसं मावळलं ते मी समोर बसून बघितलं. औषधाच्या थेंबांनी होत असेल, म्हणालीस. तीन महिने तेच म्हणत राहिलीस. मग जवळच्या कामाचा चष्मा केलास, त्यावर भिंग लावलंस, आणि एकदाच, अगदी हळू म्हणालीस, यातून कापड मोठं दिसतं ताई, जवळ येत नाही. मास्तरांनी कोट नेताना बाहीवरून अंगठा फिरवला, रफूपाशी तो थांबला, आणि ठीक आहे म्हणाले. बाबांच्या दुकानात ठीक आहे म्हणून कुणी गेलं नव्हतं.

तू समजतेस हे वयामुळे. थोडं खरंही आहे. चाळिशी उलटली की जवळचं जातंच, आणि तुझ्या उणे नंबरनेच ते इतकी वर्षं राखून ठेवलं होतं. पण हे डोळ्यांच्या दवाखान्यातल्या लोकांना माहीत होतं, धाकटे. आणि त्या दिवसापासून मलाही.

तपासणीच्या दिवशी बाहुल्या मोठ्या करायला तुझ्या डोळ्यांत थेंब घातले, तुला वाचता येईना, म्हणून फॉर्म माझ्याकडे आला. तू बाहेर बाकावर डोळे मिटून बसली होतीस. आत फॉर्म भरून घेणाऱ्या बाईंनी मला विचारलं, पेशंट जवळून बारीक काम करतात का? शिवण, घड्याळं, दागिने असं काही? करत असतील तर डॉक्टर वेगळं बोलतील. एका डोळ्याचा नंबर थोडा ठेवता येतो, किंवा करूच नका असंही सांगतील. सगळं नीट समजावून सांगितलं त्यांनी. मी नाही म्हटलं. म्हटलं, तिचं दुकान आहे, ती गल्ल्यावर बसते. इतके दिवस मी स्वतःला सांगत आले की तुझा चष्मा पुरता जावा, अर्धवट काही राहू नये, म्हणून तसं बोलले. ते खोटं आहे. त्या काचेच्या टेबलासमोर, त्या पांढऱ्या खोलीत, माझी बहीण रफू करते हे सांगायची मला लाज वाटली. आणि कदाचित, तुझ्याकडे जे होतं आणि माझ्याकडे नव्हतं, ते तिथे लिहायचंच नव्हतं मला. मग बाहेर येऊन तुला पेन दिलं. तू विचारलंस, कुठे सही करू गं? मी तुझं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं.

मंगळवारी रजा टाकून एकटीच तिथे जाऊन आले. डॉक्टरांनी तोच कागद काढला. ‘बारीक काम’ या रकान्यापुढे माझ्या वळणदार अक्षरात ‘नाही’, आणि खाली तुझी तिरकी सही. मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. म्हणाले, पहिल्यासारखं होईल असं वचन देत नाही, पण कामाच्या वेळेपुरती एका डोळ्यात लेन्स घालून ते जवळचं परत आणता येतं का हे बघता येईल, मात्र तुमच्या बहिणीच्या हातात कापड देऊनच बघावं लागेल. येत्या गुरुवारी अकराची वेळ घेतली आहे. तू मला काय वाटेल ते बोल, बोलू नकोस, दार उघडू नकोस, पण टेबल अजून देऊ नकोस. येताना एक भोक पडलेलं कापड आण. थेंब घालायच्या आधी कागद मागून घे आणि स्वतः वाच. मी आत येणार नाही, बाहेर बाकावर बसेन, आणि तू आली नाहीस तरी अकरा ते एक तिथेच असेन. काम काय करता असं विचारलं असेल तिथे तुझ्या हाताने रफू लिही.

अजूनही म्हणू देशील तर तुझीच,
ताई