पुढच्याने ओरडायचं

रविवार, १९ जानेवारी
दुपार

प्रिय दादा,

बारकीचा नमस्कार. मी ठीक आहे. तूही ठीक असावास, आणि नसलास तर वहिनीचं ऐकत नसशील एवढाच अर्थ. डॉक्टरांनी तुला महिनाभर मोबाइलकडे बघू नकोस म्हटलंय आणि वहिनीच्या फोनवर तू हं-हं करून दोन मिनिटांत सुटतोस, म्हणून शेवटी कागद घेतला. शाळा सुटल्यापासून एवढं हाताने लिहिलेलं नाही. अक्षराला हसू नकोस.

लॅबमध्ये कवळ्यांचा ढीग पडलाय. काल एक दुरुस्तीला आली, ती म्हणे कुत्र्याने चघळली. मी मालकांना म्हटलं, माप कुणाचं घ्यायचं ते आधी ठरवा. सुपरवायझरच्या जागेसाठीची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे, आणि यंदाही ती इंग्रजीतच. दोनदा तिथे तोंडघशी पडलेय. तिसऱ्यांदा पडले तर मलाच कवळी लागेल.

आज राइडला गेलो होतो. तुझ्याशिवाय तिघंच: मास्तर, नर्सबाई आणि मी. मास्तरांचे नियम जैसे थे. सायकलवर बसल्यापासून उतरेपर्यंत फक्त इंग्रजी. तुटक शब्द चालणार नाहीत, पूर्ण वाक्य हवं. आपल्या भाषेत एक शब्द जरी निसटला, तरी चौघांच्या सायकली गार पाण्याने धुवायच्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण माणसाचा वर्ग काही सुटत नाही. आजचाही विषय तोच, 'थंडीतली माझी आवडती राइड'. नर्सबाई म्हणाल्या, माझी आवडती राइड म्हणजे घरी परत येते ती. मास्तरांनी त्यांना पूर्ण गुण दिले.

तुझी आठवण निघालीच. तू थंडीतल्या राइडचं वर्णन गोदीत क्रेन चालवतानाच्या इंग्रजीत केलं होतंस ना? "स्लो. स्लो. होल्ड. लोअर. स्टॉप." आम्ही पोट धरून हसलो होतो आणि मास्तरांनी तुला शून्य दिलं होतं. पूर्ण वाक्य नाही म्हणून.

तू पडलास त्या वळणावरून आज गेलो नाही. नर्सबाई म्हणाल्या, बर्फ वितळेपर्यंत नको. त्या सगळ्यांना सांगत असतात की बारकी घसा फुटेस्तोवर ओरडली, पण दादाच्या कानापर्यंत पोचलंच नाही. मी काय बोलणार? जाऊ दे ते.

खांद्याचं हाड कितपत जुळलं? डोक्याचे टाके निघाले का? मुख्य म्हणजे कंपनीचे डॉक्टर फिटनेसचा दाखला कधी देतायत? तो हातात आल्याशिवाय गोदीत तुला क्रेनच्या शिडीला हातही लावू देणार नाहीत, आणि क्रेनशिवाय तू सासुरवाडीत काय उच्छाद मांडला असशील ते मला दिसतंय. छकुलीला पापा. वहिनीने पाठवलेला स्वेटर मिळाला. एवढं कशाला केलं तिने?

तुझी,
बारकी


रविवार, २ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र परवा आलं. डाव्या हाताने लिहूनही तुझं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे, हा निव्वळ अन्याय आहे.

पण तू डॉक्टरांना ते सांगितलंस कशाला? "बहीण पंधरा फुटांवरून ओरडली, मला ऐकू आलं नाही." त्यांनी विचारलं होतं का? नव्हतं ना? मग हरिश्चंद्राचा अवतार कशाला घ्यायचा? आता बसवलं ना काचेच्या खोलीत कानाला यंत्र लावून.

कान उत्तम निघाले हे वाचून जीव भांड्यात पडला. तुझे कान कधीच वाईट नव्हते. लहानपणी मी डब्याचं झाकण उघडलं की तू गच्चीवरून खाली यायचास.

हे बघ, त्या दिवशी वारा होता. तुझ्या हेल्मेटखाली ती लोकरीची टोपी होती, कानांवरून ओढलेली. शिवाय उतारावर चाकांचा आवाज असतोच. डॉक्टरांना हे सगळं नीट सांग. आणि मीही तशी काही फार मोठ्याने ओरडले नसेन. नर्सबाईंना तिखटमीठ लावून सांगायची सवय आहे, तुला माहीत आहे. ओरडले असेन आपली बेताने. तेव्हा ऐकू आलं नाही यात विशेष काही नाही, असं त्यांना पटवून दे आणि दाखला घेऊन मोकळा हो.

राइडला गेले नाही. सर्दी आहे. मुलाखतीची तयारीही आहे. मास्तर रोज संध्याकाळी फोनवर तासभर प्रश्न विचारतात आणि मी पूर्ण वाक्यांत उत्तरं देते.

वहिनीला सांग, मला सारखी 'तू होतीस म्हणून' असं लिहू नकोस. मला ते आवडत नाही. खरंच नाही आवडत.

बाकी क्षेम.

बारकी


गुरुवार, १३ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र आणि वहिनीची चिठ्ठी, दोन्ही मंगळवारी एकाच पाकिटात मिळाली. तेव्हापासून तीन कागद फाडलेत. हा चौथा. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी जुनी खोड तुला माहीत आहे, म्हणून आधी भांडंच पुढे ठेवते.

मी ओरडले नव्हते.

हळू नाही, बेताने नाही, वाऱ्याने उडून गेलं असंही नाही. माझ्या तोंडातून आवाजच निघाला नाही. तू जे ऐकलं नाहीस, ते झालंच नव्हतं.

आता सगळं सांगते. मध्येच कागद ठेवून देऊ नकोस.

तू लिहिलंयस की कान चांगले निघाल्यावर डॉक्टरांची शंका मिटायच्या ऐवजी वाढली. कान ठणठणीत, बहीण पंधरा फुटांवर, आणि तरी ऐकू आलं नाही, म्हणजे पडायच्या आधीच क्षणभर तुझी शुद्ध हरपली असणार. आणि ज्याची शुद्ध एकदा अशी जाते, त्याला चाळीस मीटर उंचीवर, खाली माणसं वावरत असताना, कुणी बसवत नाही. कायमचा स्टोअरमध्ये, खोकी मोजायला. पुढे तू लिहिलंयस, "त्यांचं बरोबर असेल बारके. मला त्या क्षणाचं काहीच आठवत नाही. मी छकुलीला उचलून घेणं बंद केलंय."

हे वाचून मी घराच्या जिन्यात बसून रडले.

त्या सकाळी मी सगळ्यांच्या पुढे होते. पुढच्याने ओरडायचं, मागच्याने ते मागे पोचवायचं. हा नियम इंग्रजीच्या नियमाहून जुना. तो तूच घालून दिलास आपल्याला. वळणावर पाझराचं पाणी वाटेवर येऊन गोठलं होतं आणि वर पानं पडली होती. मला चमक दिसली ती अगदी चाकाखाली. ब्रेक दाबायलाही वेळ नव्हता, म्हणून मी सरळ गेले आणि नशिबाने पार झाले. तू मागे होतास. ओठांवर आपला शब्द आला होता, दादा. आईने शिकवलेला, साधा, "थांब".

तो मी गिळला.

आदल्या रविवारी मी थंडीच्या राइडवर बोलताना तीनदा अडकले होते आणि मास्तर हसले होते. वाईट मनाने नव्हे. पण ते हसू मी आठवडाभर उराशी घेऊन फिरत होते. लॅबमध्ये, बसमध्ये, आंघोळ करताना मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. ठरवलं होतं की आज एकही चूक करायची नाही. म्हणून 'थांब' गिळला आणि वाक्य जुळवू लागले. मागून येणाऱ्यांनी सावकाश या, पुढे बर्फ आहे, असं काहीतरी, नीट, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तुझा तो शून्य गुणांचा 'स्टॉप' पुरला असता. तोही सुचला होता. पण ते पूर्ण वाक्य नव्हतं.

वाक्य अर्धं झालं तेव्हा मागे धातू खडकावर घासल्याचा आवाज आला.

मास्तरांना दोष देऊ नकोस. त्यांचा खेळ होता. हातावर गार पाणी पडेल म्हणून, हसतील म्हणून, सख्ख्या भावाला सावध न करणारी मीच निघाले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तू ओरडणार तरी कुणावर?

पुढचं त्याहून वाईट आहे. हॉस्पिटलमध्ये नर्सबाईंनी विचारलं, "तू ओरडलीस ना गं?" मी मान हलवली. एवढंच. तोंडाने 'हो' सुद्धा म्हटलं नाही. मग त्यांनी वहिनीला सांगितलं, वहिनीने मला मिठी मारली, आणि त्या मिठीत असताना मला 'नाही' म्हणता आलं नाही. पुढे ते आपोआप वाढत गेलं. मी फक्त ऐकत राहिले.

फक्त ऐकत राहिले हेही खोटं आहे. सोमवारी मुलाखत झाली. त्यांनी विचारलं, कठीण प्रसंगी तुम्ही जबाबदारीने वागलात असं एखादं उदाहरण द्या. आणि मी दिलं. थंडीची सकाळ, उतार, पानांखालचा बर्फ, आणि मी कशी प्राण पणाला लावून भावाला हाक मारली. एकदाही अडकले नाही. सगळी पूर्ण वाक्यं. समोरच्या बाईंचे डोळे भरून आले. जागा मला मिळाली, दादा. मंगळवारी दुपारी मालकांनी पेढे वाटावे तशी बातमी सगळ्यांना वाटली, आणि संध्याकाळी घरी तुमचं पाकीट दारात पडलेलं.

ती जागा घेणार नाही, असं आज मालकांना सांगितलं. कारणही सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "बाई, तुम्ही कवळ्याच बनवा."

काल संध्याकाळी मास्तर आणि नर्सबाईंना एकत्र बोलावून सांगितलं. आपल्या भाषेत. नर्सबाई उठून निघून गेल्या. मास्तर बसून राहिले. जाताना दारात थांबून म्हणाले, "मी शिकवायला बसलो नसतो तर तू ओरडली असतीस." मी म्हटलं, हो. खोटं बोलायची आता ताकद नाही.

सोबत एक कागद आहे. त्यात घडलं ते तारखेसकट लिहून खाली सही केलीय. एक प्रत तुमच्या कंपनीच्या डॉक्टरांना रजिस्टर पोस्टाने गेली आणि एक मेंदूच्या डॉक्टरांना. कागदावर ते विश्वास ठेवणार नाहीत कदाचित; भावाची नोकरी वाचवायला बहीण काहीही लिहील, म्हणतील. म्हणून सोमवारी मी स्वतः येतेय. सकाळी दहाला कंपनीच्या डॉक्टरांच्या दारात असेन. जे विचारतील ते सांगेन, आणि शपथेवर सांगायला सांगितलं तर तसं. तपासण्या पुन्हा करायच्या तर करू देत. त्यात काही निघणार नाही. तू बर्फावरून घसरलास, तो तिथे आहे हे तुला कुणी सांगितलं नाही म्हणून. बाकी काही नाही.

तू तिथे मला भेटावंस अशी अट नाही. घरी ये म्हणावंस अशी तर अजिबात नाही. स्वेटर वहिनीला परत पाठवत नाही, ते नाटक होईल. पण घालणारही नाही.

वहिनीच्या चिठ्ठीत एक ओळ होती, तुला न विचारता लिहिलेली. तू हल्ली आंघोळीला जाताना आतून कडी लावत नाहीस. आत पडलास तर दार फोडायला लागू नये म्हणून. आणि ती बाहेर स्टूल टाकून बसते, पाण्याचा आवाज थांबतो का ते ऐकत.

तुला काहीही झालेलं नाही, दादा. उद्यापासून कडी लाव.

मोठ्याने, पण सहा आठवडे उशिरा,
तुझी बहीण