मोह : झाड की मन?

१२ फेब्रु. २००७, सोम. भद्रावती
वाचनालयाची अख्खी यादी मोबाईलमध्ये शिरली. जावा ही संगणकभाषा शिकायला आठ महिने. पुस्तकावरून, क्लास नाही. शकीलभाऊच्या मोबाईल-दुरुस्तीच्या दुकानात पाच वेगवेगळ्या फोनांवर चालवलं. कुठेच अडलं नाही. रविवारी समितीपुढे. मंजूर झालं तर प्रत्येक सभासदाच्या फोनात. नाहीतर कपाटात, जुन्या कार्डांशेजारी.
शकीलभाऊ : "साहेब, तुम्ही तं कंपनीच खोला."

१४ बुध.
एटापल्लीच्या मडावीबाई आल्या. मोहफुलांवर पीएच.डी. परवाच त्यांच्या फोनात यादी टाकून दिलेली. दारातूनच :
"भाऊ, तुमच्या यादीत 'मोह' शोधला. सहा पुस्तकं निघाली. साही म्हणून राह्यले, सोड!"
पेपर वाचत बसलेला शकीलभाऊ खुर्चीवरून पडायचा बाकी.
म्हटलं, शब्दाचे अर्थ दोन, यंत्राला काय कळतं.
"आमच्याकडं एकच. झाडाले फुलते."

१५ गुरु.
कार्डांवरून विषयाचा रकाना जोडला. 'मोह' दाबलं की फोन विचारतो : झाड की मन? चोख.
झाड : एकही नाही. मन : सहा. बाईंना कळवलं, आपल्याकडे पुस्तक नाही.

१६ शुक्र.
बाई पुन्हा हजर. "काऊन नसंल? उघडून पाह्यली का साही?"
तोऱ्यातच कपाट उघडलं. सहावं : 'मोहातली बारा वर्षं'. एका वनरक्षकाच्या नोंदी. कोणतं झाड कधी फुलतं, कोणत्या गावचं कोण वेचतं...
कार्ड काढलं. विषय : अध्यात्म. साल १९९१. अक्षर माझं. नावावरून ठरवलं, न उघडता. मी!
बाई हसल्या नाहीत. उभ्यानंच वाचत राहिल्या. हसल्या असत्या तर बरं.

१७ शनि.
शकीलभाऊ : "समितीले काय समजते? चुपचाप बदलून टाका."
कार्ड टेबलावर. तसंच.

१८ रवि.
समिती. अध्यक्ष : "काहीही शोधून दाखवा."
'मोह' दाबलं. कार्डही पुढे ठेवलं.
"म्हणजे बाकी यादीत असे किती घोळ?"
म्हणालो, कार्डानं सोळा वर्षं लपवलं, फोनमुळं दोन दिवसांत सापडलं. खरं तेच. पण किती, ते सांगता येईना.
ठरलं : आधी अध्यात्माचं कपाट तपासा, मग फोनचं पाहू.

२१ बुध.
दुसरा खण. एकेक उघडून. 'वैराग्याचे वन' : वन नाही, ठीक. 'अंतरीची वाट' : ठीक.
'मुळाचा शोध'. पान पहिलं : शतावरी, कशी खणावी.
कार्ड पालथं. अक्षर कुणाचं, अजून उलटून पाहिलेलं नाही.