शेठ पायीच जाणार

२ जानेवारी, गुरुवार.
ठरलं. शेठला घेऊन मुलीच्या गावी पायी जाणार. दोनशे दहा किलोमीटर.

जेवताना मुलीचा फोन आला. नोकरीच्या गावी तिला शेवटी तळमजल्यावरचं घर मिळालं. मागे अंगण आहे, घरमालकीणबाईंना कुत्रा चालतो. म्हणाली, आता शेठला आणून सोडा. शेठ तसा तिचाच. पिल्लू होता तेव्हा तिनेच रस्त्यावरून उचलून आणला. चार महिन्यांपूर्वी नोकरी लागली तेव्हा घर मिळेपर्यंत म्हणून आमच्याकडे ठेवून गेली. तेव्हापासून तो रोज माझ्याबरोबर चष्म्याच्या दुकानात येतो आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसतो.

अडचण एकच. त्याला गाडी लागते. दोनदा मी मोटारीतून नेलं, दोन्ही वेळा ओकला. दुसऱ्यांदा माझ्या मानेवर. बसमध्ये कुत्रा घेत नाहीत. राहिले पाय.

तिथल्या तिथे जाहीर केलं. बायकोचा घास हातातच राहिला. अभिमान वाटला असावा. मुलगी म्हणाली, फोन आईला द्या. बायको फोन घेऊन आत गेली आणि बराच वेळ बोलत होती. माझ्या जिद्दीबद्दलच असणार.

ही रोजनिशी फक्त माझ्यासाठी. शिस्त लागावी म्हणून. उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

३ जानेवारी. सकाळी पावणेनऊ.
आत्ताच उठलो. मोठ्या श्रमाआधी शरीर विश्रांती साठवून ठेवतं म्हणे. साठवू द्यावी. शेठला बायको फिरवून आली.

५ जानेवारी.
पाठीवरची सॅक घेतली. दुकानदार म्हणाला, सत्तर लिटर. मी म्हटलं, एवढं पाणी कशाला? तो हसला. गिऱ्हाइकाला असं हसू नये. माझ्या दुकानात लोक तक्ता उलटा वाचतात, मी हसतो का?

घरी येऊन सॅक घालून पाहिली. बाथरूमच्या दारात अडकलो. बायकोने मागून ढकललं. तोवर शेठने आत डोकं घातलं, मग उरलेला तोही आत शिरला आणि झोपला. सॅक त्याला पसंत आहे. अर्धी लढाई जिंकली.

८ जानेवारी.
नवे बूट. पायाला सवय व्हावी म्हणून दिवसभर दुकानात घातले. चावले. घरात कुत्रा आहे, पण चावतात बूट.

दुपारी एका आजीबाईंच्या चष्म्याची दांडी एका पायावर उभं राहून बसवली. स्क्रू तिरका गेला. बूट करकरत होते. आजीबाईंनी विचारलं, दुकानात उंदीर झालेत का. शेठ उठून शोधायलाही गेला. इमानी आहे.

१२ जानेवारी, रविवार.
पहिली सराव-फेरी. भरलेली सॅक घेऊन पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन यायचं होतं. बेकरीसमोर शेठ थांबला. त्याच्यावर ताण नको म्हणून मीही पायरीवर बसलो. जनावराचा कल ओळखून चालणे हा अशा प्रवासाचा पहिला नियम आहे. मी दोन खारी खाल्ल्या, त्याने चार.

मग उठवेना. मला. शेठ टाकीकडे ओढत होता. पण मी निर्णय घेतला. रिक्षाने परतलो. रिक्षात शेठ बाहेर तोंड काढून आरामात बसला, ओकला नाही. बायको म्हणाली, बघा, याला काहीच होत नाही. मी समजावलं की रिक्षा उघडी असते. ती गाडीत मोडत नाही.

१५ जानेवारी.
मेहुणा तंबू घेऊन आला. तो एकदा डोंगरात आठ दिवस चालला होता आणि तेव्हापासून आमच्या घरात येऊन चालतोच आहे. म्हणाला, भाऊजी, आधी घरात उभारून बघा. हॉलमध्ये उभारला. एक काठी पंख्यात गेली, एक त्याच्या चहात.

आज मी आणि शेठ तंबूत झोपणार होतो. मी चेन लावेपर्यंत शेठ फटीतून सटकला आणि बायकोच्या पलंगावर जाऊन पसरला. आतून चेन उघडेना. मेहुण्याला हाक मारावी लागली. त्याने उघडायला जरा जास्तच वेळ लावला.

२० जानेवारी.
शेठला डॉक्टरबाईंकडे नेलं. पंजे, दात, छाती सगळं तपासलं. म्हणाल्या, थोडा जाड आहे, पण तब्येत उत्तम. हा चालेल. मग माझ्याकडे पाहिलं.

गाडी लागण्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, तेव्हा गाडी कोण चालवत होतं? मी. कशी चालवता? याचं उत्तर बायकोने दिलं. सविस्तर. हातवारे करून. बाहेर बसलेल्या मांजरवाल्या बाईसुद्धा ऐकायला आत आल्या.

डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या. उपाशीपोटी एक गोळी द्या, गाडी दुसऱ्या कोणालातरी चालवू द्या, मजेत जाईल म्हणाल्या. मुक्या जनावराला औषधांची सवय लावणं मला पटत नाही. गोळ्या कपाटात वरच्या कप्प्यात, मागे ठेवल्या आहेत.

२५ जानेवारी.
मुलीचा फोन. बाबा, कधी निघताय? मी सगळं समजावलं. बूट अजून पायात बसले नाहीत. नकाशा आणायचा आहे. शेठचं वजन उतरवायचं आहे. ती हं हं करत होती. मग म्हणाली, "बाबा, संध्याकाळी कुलूप उघडते ना, तेव्हा घर फार शांत असतं."

मी म्हटलं, शांतता चांगली, वाचन होतं.

फोन ठेवल्यावर जेवण गेलं नाही. गॅसेस असावेत. शेठ पायाशी होता. त्यालाही गेलं नसावं म्हणून त्याचं ताट बघायला गेलो. चाटूनपुसून स्वच्छ.

२ फेब्रुवारी.
शेठचं प्रशिक्षण. त्याच्या पाठीला दोन खिशांची छोटी झोळी शिवून घेतली. स्वतःचं खाणं स्वतः वाहील. बांधल्याबरोबर तो गटारात लोळून आला. पुन्हा बांधली, पुन्हा लोळला. मी एक बिस्किट दिलं, तेव्हा थांबला. आता लोळण्याआधी माझ्याकडे बघतो. म्हणजे हुशारी वाढते आहे. वजनही. त्यामुळे निघणं थोडं लांबणीवर.

दुकानात मात्र त्याचा उपयोग होतो. लहान मुलं नंबर काढताना रडत नाहीत, शेठच्या मानेत हात घालून निमूट वाचतात. हा शुद्ध व्यवहार आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी काचा पुसत त्याच्याशी बोलतो. तेही व्यवहारच. आवाज मोकळा राहतो.

७ फेब्रुवारी.
बायकोशी मतभेद. मी नवा पावा घेऊन आलो होतो, तंबूबाहेर संध्याकाळी वाजवायला. ती कपडे घडी करत होती. घडी करतच म्हणाली, "अहो, तुम्हाला त्याला पाठवायचं नसेल तर तसं तिला सरळ सांगा. उगाच बूट कशाला झिजवताय?"

मी बूट आणून तिच्यासमोर उलटे धरले. तळवे कोरे करकरीत. अजिबात झिजलेले नाहीत. ती घड्या उचलून उठली.

जाता जाता पुटपुटली, कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच. मी मुद्दाम जाऊन पाहिलं. शेठचं शेपूट बऱ्यापैकी सरळ आहे. तिचा नंबर पुन्हा काढायला हवा.

१२ फेब्रुवारी.
तारीख जाहीर. रविवार, सोळा. आता मागे हटणे नाही. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतो आहे. दुकानावर पाटी रंगवून घेतली: ‘मालक पदयात्रेवर गेले आहेत.’ पेंटरने विचारलं, परत कधी येणार तेही लिहू का? म्हटलं, अशा प्रवासाचं काही सांगता येत नाही. मी पाटी पुन्हा एकदा मोठ्याने वाचली. पेंटरने पैसे मागितले.

बायको आणि मुलगी रोज फोनवर कुजबुजतात. मी आलो की हवामानावर बोलतात.

१५ फेब्रुवारी.
सॅक भरली. वजनकाट्यावर ठेवली, काटा एक फेरी मारून पुन्हा शून्याजवळ आला. म्हणजे फार नाही.

कपाट आवरताना वरच्या कप्प्यात त्या गोळ्या दिसल्या नाहीत. बरंच झालं, हरवल्या.

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळी साडेसहा.
निघालो! आळीतले सात-आठ जण दारात. बायकोने शेठला जवळ घेतलं, मला म्हणाली, फोन चालू ठेवा. डोळ्यांत पाणी नव्हतं. मन घट्ट करते.

१६ फेब्रुवारी. सकाळी साडेदहा.
पहिला मुक्काम. गावाबाहेरचा पेट्रोल पंप. दुपारपर्यंत पुढच्या गावात जायचं होतं, पण शेठला दम लागला असावा. तो तसं दाखवत नाही. पंपाभोवती धावतो आहे. माझी डावी टाच सोलली. पंपावरच्या माणसाने पाणी आणलं, आधी शेठला दिलं. कुठे निघालात विचारलं. सांगितलं. तो म्हणाला, अरे वा, आणि कुत्रा?

परतीचा विचारही मनात नाही. फक्त बसलो आहे.

१७ फेब्रुवारी. मुलीच्या घरून परतल्यावर.
कालचं राहिलेलं लिहितो.

पंपावर पाय मोकळे करायला उठलो, सॅक चढवली, तेवढ्यात समोर मोटार थांबली. मुलगी चालवत होती. शेजारी बायको. मुलीने आदल्या दिवसापासूनच रजा काढली होती आणि बसने येऊन मामाकडे उतरली होती. गाडीही मामाचीच. म्हणजे मी दारातून निघालो तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. नंतर कळलं, मी पंपापर्यंत पोचणार नाही असं मेहुण्याचं म्हणणं होतं. त्याला खोटं पाडलं.

शेठ आधी नुसता उभा राहिला. मग मुलीने दार उघडलं. पाच महिन्यांत मी त्याचा असा आवाज ऐकला नव्हता. भुंकणं नाही, रडणं नाही, मधलंच काहीतरी. पट्टा माझ्या मनगटाला होता. शेठ सुटला तिच्याकडे, आणि मी पडलो सॅकवर, कासवासारखा, हातपाय वर. कोणाचं लक्ष नव्हतं. मुलगी डांबरावर बसून त्याला मिठी मारून रडत होती, तो तिचे कान चाटत होता. मला पंपावरच्या माणसाने उभं केलं.

मुलगी मग माझ्याकडे आली. वाटलं, आता बोलेल मला. तिने माझ्या बुटाची नाडी सोडली, टाच बघितली. म्हणाली, "बाबा, तुम्हीपण चला."

मी पायीच जाणार होतो. पण शेठला एकट्याने प्रवासाची सवय नाही.

बायकोने पर्समधून त्या गोळ्या काढल्या. हरवल्या नव्हत्या तर. शेठला सकाळी मिठी मारताना तिने एक दिली होती. खारीबिस्किटं खाऊन निघालेला मी मागच्या सीटवर, मांडीवर सॅक. वाटेत गाडी दोनदा थांबवावी लागली. शेठसाठी नाही. मुलगी फारच सरळ चालवते, मला तशी सवय नाही. बायको म्हणाली, अर्धी गोळी देऊ का? मी खिडकीबाहेर तोंड काढून बसलो.

शेठने तिच्या अंगणाची पाहणी केली, एक कोपरा उकरला आणि तिच्या चपलांवर झोपला. आज सकाळी आम्ही निघालो तेव्हा दारापर्यंत आला. मी म्हटलं, चल. तो मुलीकडे बघायला लागला. मी मुद्दामच म्हटलं होतं. परीक्षा होती. पास झाला.

१९ फेब्रुवारी.
दुकान उघडलं. पाटी उतरवली. गिऱ्हाइकांना प्रवासाचं थोडक्यात सांगतो आहे. एका पोराचा नंबर काढायचा होता, खुर्चीत बसेना. त्याची आई म्हणाली, उद्या येतो.

संध्याकाळी बायको म्हणाली, नेहमीच्या वेळी फिरून या, बरं वाटेल. तीही निघाली होती. मी म्हटलं, एकटा जातो, आता चालण्याची सवय झाली आहे.

गेलो. नेहमीचा रस्ता, नेहमीची वेळ. बेकरीवाला, इस्त्रीवाला, कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाई, बाकावर बसणारे ते तिघे म्हातारे. पाच महिने रोज हसून हात करणारी ही माणसं. आज एकानेही वर पाहिलं नाही. मी स्वतःहून हात केला, तर मास्तरीणबाईंनी मागे वळून पाहिलं, मी कोणाला करतो आहे ते.

माणसं बदलली. घरी लवकर आलो. उद्यापासून फिरणं बंद. एवढ्या मोठ्या पदयात्रेनंतर पायांना विश्रांती द्यावीच लागते.