कारखान्याचे कपडे

बाबा,

आपल्या घरातलं वॉशिंग मशीन बंद पडलं आणि आईने कुठे राहायचं हा प्रश्न उभा राहिला. मशीनचा आणि आईचा काय संबंध, असं तुम्ही विचारलंच असतं, तेही माझ्याकडे न बघता. म्हणून आधी संबंध सांगते. तुम्ही गेल्यानंतर आईची उजवी बाजू गेली. ती पेणला, रामवाडीच्या घरात तुमच्याच खोलीत असते, खिडकीला लागून खाट, आणि खिडकीसमोर आपला मूर्तींचा कारखाना. तिच्या चादरी, दुपटी, गाऊन रोजच्या रोज धुवावे लागतात, कधी कधी दिवसातून किती वेळा ते विचारू नका. हे सगळं वहिनी करते. मी रोह्याला, वरसेत, तिसऱ्या मजल्यावर राहून फोनवरून चौकशी करणारी लेक. मशीन चालू होतं तोवर कोणी कोणाला काही बोलत नव्हतं.

मशीन कसं गेलं ते ऐका, म्हणजे तुम्हाला दादाचा राग येईल आणि थोडं हसूही येईल. गणपतीच्या आधीचे दिवस. दादा आणि कामगार सकाळपासून प्लास्टरमध्ये बुडालेले. पोतं फोडायचं, घमेल्यात कालवायचं, साच्यात ओतायचं. पाणी लागलं की प्लास्टर बघता बघता घट्ट होतं, हे आपल्या घरातल्या रांगत्या पोरालाही माहीत असतं. पण कपड्यांवर बसलेली कोरडी भुकटी पाण्यात जाऊन तेच करणार, हे मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही. वहिनी हाताने धुवायची तेव्हा कारखान्याचे कपडे आधी अंगणात झटकायची, दगडावर कोरडेच आपटायची, मग वेगळ्या घमेल्यात भिजवायची आणि तळाला बसलेला गाळ परसात नेऊन टाकायची. आईने तिला तसंच शिकवलं होतं. मशीन आलं आणि दादा म्हणाला, मशीन आणलं ते काय झटकायला? झालं, शर्ट-लुंग्या थेट मशीनमध्ये, आईच्या चादरींच्या आधी नाहीतर नंतर. मेकॅनिकने पाण्याचा पाइप सोडवला तर आतून पांढरी कांडी निघाली, पाइपाच्या आकाराची, आणि तिच्यात दादाच्या शर्टाचं बटण रुतलेलं. पंपाचीही तीच गत. दुरुस्तीत अर्थ नाही, नवीन घ्या, असं सांगून तो गेला. दादाने कांडी हातात फिरवून बघितली आणि म्हणाला, साचा मात्र छान उतरलाय. वहिनी हसली नाही.

त्यानंतर काही दिवस तिने सगळं हाताने धुतलं आणि मग मला फोन केला. रडली नाही, आवाज चढवला नाही, म्हणून तर मला जास्त भीती वाटली. चांगलं मशीन येत नाही तोवर आईंना वरसेला घेऊन जा, म्हणाली, आणि पुन्हा असलंच काही घेणार असाल तर कायमचं घेऊन जा. फोन ठेवल्यावर मला आधी तिचाच राग आला. मग मी माझ्या घराकडे नजर फिरवली. लिफ्ट नाही. ह्यांची कंपनीतली शिफ्ट कधी दिवसाची, कधी रात्रीची. आईची खाट मावेल अशी एकच खोली, आणि तिच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. रामवाडीला दादा प्रत्येक नव्या साच्यातली पहिली मूर्ती आईच्या खाटेपाशी नेतो. ती डाव्या हाताचा तळवा मूर्तीच्या पाठीवरून फिरवते, कुठे खरखर लागली तर तिथे बोट ठेवून थांबते, आणि दादा मुकाट्याने मूर्ती परत घासायला नेतो. तुमच्या वेळी ती हे काम पदर खोचून करायची, आता पडल्या पडल्या करते. माझ्या घरी तिने कशावरून हात फिरवायचा? भिंतीवरून? तिला इथे आणलं तर ती जगेल, पण नुसतीच जगेल, हे मला स्वच्छ दिसत होतं.

नवीन मशीन घ्यायला म्हणून एसटीत बसले तेव्हा मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. मी शाळेत होते, शेजारी मशीन आलं होतं, आणि जेवताना मी म्हटलं, आईलाही एक घेऊ या. तुम्ही भाकरी मोडताय. मान वर न करता म्हणताय, "का? तिच्या हातांना काय झालंय?" आई भात वाढत राहते, जसं काही ते दुसऱ्याच कोणाबद्दल चाललंय. आणि मग थोड्याच दिवसांत तुम्ही टेम्पोतून काळा दगड आणलात. अंगणात विटांचा कट्टा बांधलात, आईला शेजारी उभं करून तिच्या कमरेएवढा, पाणी बरोबर नालीत जाईल असा उतार देऊन दगड बसवलात. कोणाला हात लावू दिला नाहीत. आईला उकिडवं बसून धुवायला लागत नव्हतं आता, आणि ती येईल त्या बाईला तो दगड दाखवायची. मी मात्र तुमच्यावर रागवायचं की नाही हे ठरवू शकले नाही. बाबा, अजूनही ठरत नाही, आणि त्याचाच मला फार राग येतो.

पेणला उतरले ती तयारीनेच. आमच्या इमारतीतल्या बायकांना विचारून ठेवलं होतं, टिकतं कुठलं. सगळ्यांनी एकच सांगितलं, सेमी घे, दोन टपांचं. त्यात पंपाची भानगड नाही, पाणी आपोआप खाली जातं, बिघडलं तरी कोणीही दुरुस्त करतो. दुकानात दादा, वहिनी आणि मी. दुकानदार आधी फोनवरून चालणाऱ्या मशीनकडे घेऊन गेला. आमच्या घरी फोन वाजला तरी कोणी उचलत नाही, मशीन कोण चालवणार, असं दादा म्हणाला आणि दुकानदार पुढे सरकला. मी एकामागून एक विचारत होते. जाळी समोरून निघते की मागून, टाकीचं पाणी बारीक आलं तर भरतं का, मेकॅनिक इथला की पनवेलहून वाट बघायची. दादा मान डोलवत होता. वहिनी दाराशी गरम पाण्याच्या ऑटोमॅटिक मशीनपाशी उभी होती. मला वाटलं, बाईला मजबुतीतलं काय कळतंय.

मी सेमीवर हात ठेवला आणि म्हटलं, हेच घेऊ, हे मरत नाही. कपडे एका टपातून काढायचे आणि दुसऱ्यात टाकायचे, त्यात कठीण ते काय, एवढं करायला हातांना काय... आणि मी थांबले. वाक्य माझ्या तोंडात होतं, आवाज तुमचा होता. वहिनीला ते कळायचं कारण नव्हतं. ती जवळ आली आणि तिने शांतपणे दोन्ही हात सेमीच्या पांढऱ्या झाकणावर ठेवले. बोटांच्या पेरांवर चिरा, चिरांत तेल-हळद भरलेली. अंगठा तर सोलवटून उघडाच पडला होता.

"ताई, भिजलेली चादर कधी टपातून उचलून बघितलीय तुम्ही? एक नाय, रोजच्या सगळ्या. आईंना नेलंत तर मला काय आनंद व्हायचा नाय. पण माझे हात आता उठत नाय."

दादा वर पंख्याकडे बघू लागला. दुकानदार उगाच फडक्याने दुसरं मशीन पुसायला गेला. मी तिच्या हातांकडे बघत होते आणि मला लाज वाटली, सरळ लाज. मग विचारलं, तुला कुठलं हवंय? तिने दाराजवळचं दाखवलं. गरम पाण्याने चादरींचा वास जातो, जाळी खाली समोरच आहे, हाताने फिरवली की निघते, सुट्टे भाग पेणला मिळतात. हे सगळं तिने आपल्या मेकॅनिकला आधीच विचारून ठेवलं होतं, फक्त तिला कोणी विचारलं नव्हतं. पण कारखान्याचा एक धागाही यात जाणार नाय, असं तिने बजावलं.

"मंग ते कपडे धुयाचे कोणी?" दादाने विचारलं.

"ज्याचे त्याने."

दादा हसला. त्याला ती गंमत वाटली. मग दोघींपैकी कोणीच हसत नाही हे बघून त्याचा चेहरा उतरला. सीझनमध्ये मला जेवायला फुरसत नसते, कामगार काय म्हणतील, असं बरंच काही तो बोलला. मी म्हटलं, ठीक आहे, मग मी आईला आत्ता गाडी करून नेते. तो हो म्हणाला असता तर मी काय केलं असतं, बाबा, मला खरंच माहीत नाही. त्याने त्या मशीनचं काचेचं दार उघडून बघितलं, परत लावलं. मग दुकानदाराला म्हणाला, टेम्पो आहे का तुमचा?

मशीन आता मागच्या पडवीत आहे, खाली उंच पाट, वर स्टॅबिलायझर. पहिल्या दिवशी वहिनी स्टूल घेऊन समोर बसली आणि आईच्या चादरी काचेतून फिरताना बघत राहिली. मी त्या रविवारी मुद्दाम पुन्हा गेले, दादा शब्द पाळतो का ते बघायला. संध्याकाळी कारखाना बंद झाला आणि अंगणातून धप्प धप्प आवाज येऊ लागला. कोरडे कपडे दगडावर आपटल्याचा आवाज आईला उशीवरूनही ओळखता येतो.

"कोन गो धुतंय?" तिने विचारलं.

मी खिडकीतून बघितलं. बनियन, पाठीवर पांढरी भुकटी, मान खाली. पाठ अगदी तुमची. तुमचं नाव घ्यावं आणि आईला घटकाभर फसवावं असंही वाटून गेलं, पण कपडे धुवायला तुम्ही तिथे कधी उभे राहिला नव्हतात. मी सांगितलं, दादा. तिला खरं वाटेना. मला उठव म्हणाली. मी पाठीमागे उशा लावून तिला बसतं केलं. ती बराच वेळ बघत होती. तुम्ही दगड तिच्या मापाचा बसवलाय, दादा तुमच्यासारखा उंच, त्याला कमरेतून चांगलंच वाकावं लागत होतं. मध्येच तो कंबर धरून सरळ व्हायचा. मला वाटलं आई हसेल. तिचे डोळे भरून आले.

"वाकतोय बघ माझा," ती म्हणाली. "त्याला सांग, दगड उंच करून घे."

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. आईचा निरोप मी दादाला अजून दिलेला नाही.